दोन टक्के: दान की देणे?

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. सतराव्या अध्यायापाशी विनोबांनी दानातला उपकाराचा वासच काढून टाकला. समाजाने आपल्याला वाढवले, त्या ऋणाची फेड म्हणजे दान, असा त्यांचा सांगावा.

1 एप्रिल 2014 पासून ही फेड कायद्यातच आली. कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान 2 टक्के समाजकार्यावर खर्चायचे. त्यात आरोग्यसेवा आली. सक्तीने दिले तर पुण्य कसले, असे कुणी विचारील. पण इस्लाममधल्या जकातीचे अडीच टक्केही ठरलेलेच असतात, तरी ती इबादत, म्हणजे उपासनाच मानली जाते.

खरा पेच पुढे आहे. हे देणे असेल, तर धनको कोण?

कायदा म्हणतो, कंपनीच्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्या. ते बंधनकारक नाही, असा खुलासा केंद्र सरकारने 2021 मध्ये केला. तरी पैशाचा ओढा कारखाने आणि मुख्यालये असतील तिकडेच. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात केळीच्या बागा आहेत, मोठ्या कंपन्यांची मुख्यालये नाहीत. पण खत, कीटकनाशक, ठिबकच्या नळ्या, ट्रॅक्टर, मोबाइल हे सारे रावेरचा शेतकरी विकत घेतोच. त्या नफ्यात त्याचा वाटा आहे, मग परिसर फक्त कारखान्याच्या कुंपणापाशी का संपावा?

तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्यात, पालच्या आसपास पावरा, बारेला, तडवी आदिवासींचे पाडे आहेत. मागे पडलेले म्हणून केंद्राने निवडलेल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत महाराष्ट्रातले चारच: नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि धाराशिव. जळगाव त्यात नाही. केळी आणि सोन्याच्या जिल्हाभरच्या सरासरीत पाडे दिसेनासे होतात.

मुदतीचाही प्रश्न आहे. सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो. तो जन्मभराचा आजार. नियमित तपासणी, औषध आणि गरज पडल्यास रक्त लागते. कायद्याच्या लेखी मात्र चालू प्रकल्पाची मुदत, सुरुवातीचे वर्ष सोडून, जास्तीत जास्त तीन वर्षे. एका दिवसाच्या शिबिरात निदान होईल, फोटोही निघेल. पुढच्या महिन्याची गोळी कोण देणार?

म्हणून कंपन्यांनी नवी रुग्णवाहिका देण्याआधी पाड्याजवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन तिथे काय कमी पडते ते विचारावे, आणि मुदत संपल्यावर तो खर्च कोण उचलणार हे आरोग्य विभागाकडून आधीच लिहून घ्यावे. ऋण फेडणाऱ्याने किमान धनकोचे म्हणणे तरी ऐकायला हवे.