येनेव्हरचे तीन पेले आणि चवीचा वाद

येनेव्हर हे नेदरलँड्स-बेल्जियमकडचे, जुनिपरच्या फळांनी सुवासिक केलेले मद्य. राय, मका आणि बार्लीचा माल्ट आंबवून भट्टीत अर्क काढला की माउटवेन मिळते. त्याचे प्रमाण ‘योंगे’ येनेव्हरमध्ये जास्तीत जास्त 15 टक्के, ‘आउडे’मध्ये किमान तेवढे, आणि ‘कोरेनवेन’मध्ये किमान 51 टक्के असते. रॉटरडॅमशेजारच्या स्खीडाममध्ये भट्ट्यांसाठी धान्य दळणाऱ्या उंच पवनचक्क्या अजून उभ्या आहेत. तिथे भट्टी पाहायला आलेल्या मंडळींपुढे हे तीन पेले ओळीने ठेवले की मतभेद ठरलेलाच. पण चवीच्या मतभेदात कोणी चुकू शकतो का?

डेव्हिड ह्यूमच्या मते चुकू शकतो. अभिरुचीवरील 1757 च्या निबंधात त्याने ‘डॉन किहोटे’मधली एक हकिकत घेतली आहे. सांचोच्या दोन नातलगांनी पिंपातली वाइन चाखली. दोघांनीही ती चांगलीच म्हटली, पण एकाला तिला कातड्याची किंचित चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोकांनी दोघांची टर उडवली. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी कातडी वादी बांधलेली जुनी किल्ली निघाली. येनेव्हरमधली किल्ली म्हणजे माउटवेन. तिसऱ्या पेल्यात ज्याला धान्याचा भरदार वास येतो, त्याच्या बाजूने 51 टक्क्यांचा पुरावा उभा आहे.

इमॅन्युएल कांटने 1790 मध्ये या प्रश्नाची वेगळी वाटणी केली. कॅनरी वाइन सुखद आहे असे म्हणणाऱ्याने ‘मला’ हे जोडावे; जिभेच्या सुखावर इतरांची संमती मागता येत नाही. ओळखणे आणि आवडणे वेगळे, हे खरेच. मात्र आवडही सरावाने पालटते, याचा पुरेसा विचार या वाटणीत दिसत नाही.

गटात आणखी एक अडचण येते. ‘योंगे’ म्हणजे तरुण आणि ‘आउडे’ म्हणजे जुने, पण हा भेद बनवण्याच्या पद्धतीचा आहे, वयाचा नव्हे. ‘आउडे’ पिंपात मुरलेले असेलच असे नाही. तरीही नाव कानावर पडताच एकाला ओकचा वास येतो आणि पाठोपाठ चौघांना. अशी पाच मते म्हणजे पाच साक्षी नव्हेत. पेल्यांची नावे झाकून, प्रत्येकाने बोलण्याआधी आपले मत लिहिले, तर ओळखण्यापुरता निवाडा होतो. आवडीचा होत नाही. तिन्ही पेले अचूक ओळखूनही जो पहिलाच पुन्हा मागतो, त्याची अभिरुची ह्यूम जाणकारांच्या एकमताशी ताडून पाहील. कांटच्या लेखी त्यात ताडण्यासारखे काही नाही.