अजाणतेपणाची मर्यादा

पाप घडण्यासाठी पापाची इच्छा मनात असावी लागते, असे आपण सारेच धरून चालतो. न्यायाधीश हेतू विचारतो, कीर्तनकारही हेतूच विचारतो, आणि हातून बरणी फुटलेले मूल ‘मी मुद्दाम नाही केलं’ म्हणते तेव्हा तेही याच कायद्याचा आधार घेत असते. माणसाचे हात आखूड होते तोवर ही कसोटी पुरली. फेकलेला दगड जिथवर जाई तिथवर आपली नजरही पोचत असे. कृत्य आणि परिणाम एकाच अंगणात नांदत. आता ती पुरते का, हा प्रश्न आपल्याकडच्या गिधाडांच्या कहाणीने माझ्यापुढे उभा केला आहे.

कोणी म्हणेल, दिवाळीच्या अंकात हा अमंगळ विषय कशाला? खरे आहे. ‘गिधाडासारखा टपून बसला आहे’ असे आपण माणसाविषयी बोलतो ते काही त्याच्या गौरवासाठी नव्हे. एका जटायूला तेवढे आपण जातीतून उचलून देवांच्या पंगतीला बसवले. इगतपुरीजवळच्या टाकेदला तो पडला ती जागा भाविक आजही दाखवतात. बाकीच्यांच्या वाट्याला शिवी आली. वास्तविक हा पक्षी सहसा कोणाला मारीत नाही. मेलेले तेवढेच खातो, आणि त्याच्या जठरातले आम्ल इतके जहाल की सडक्या मांसातले रोगजंतू त्यात बहुधा जिरून जातात. गावाबाहेर टाकलेले ढोर थव्याने घटकाभरात साफ करायचे आणि सावकाश आभाळात चढायचे, एवढाच त्याचा धर्म.

1985 साली पांढऱ्या पाठीच्या गिधाडाविषयी जाणकारांनी असे लिहिले होते की, मोठ्या शिकारी पक्ष्यांत जगात याच्याइतका विपुल पक्षी बहुधा दुसरा नसेल. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातली ही गिधाडे हजारातले एक उरावे इतकी कमी झाली. लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची गिधाडे शंभरातली तीन राहिली. भरतपूरच्या अभयारण्यात विभू प्रकाश यांना ती माना खाली टाकून झाडांवर बसलेली आणि मग झाडाखाली मरून पडलेली दिसली. प्रथम साऱ्यांना साथीच्या रोगाचा संशय आला. खरे कारण पाकिस्तानातल्या पंजाबात सापडले. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडे फाडून पाहिली, तेव्हा काळजावर, यकृतावर पांढऱ्या खडूसारखा थर बसलेला होता. मूत्रपिंड बंद पडल्यामुळे रक्तात साचलेले ते युरिक आम्ल. आणि मूत्रपिंड बंद पाडणारी वस्तू होती डायक्लोफेनॅक: माणसाच्या सांधेदुखीवरचे, स्वस्त, घरोघरी माहीत असलेले औषध. 2004 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

ते गिधाडांपर्यंत कसे पोचले, ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. बैल लंगडू लागला किंवा गाईला ताप भरला की शेतकरी गुरांच्या डॉक्टरला बोलावी. डॉक्टर डायक्लोफेनॅकची सुई टोची. जनावर उठून उभे राही. काही जनावरे मात्र औषधाला न जुमानता एकदोन दिवसांत मरत. औषध अंगातून निघून जाण्यापूर्वी मेलेले ते ढोर गावाबाहेर जाई, आणि तिथे जेवणारी मंडळी आभाळातून उतरे.

रेचेल कार्सन यांनी 1962 साली कीटकनाशकांवर आपला सुप्रसिद्ध ग्रंथ लिहिला. 1967 साली डेरेक रॅटक्लिफ यांनी ब्रिटनमधल्या बहिरी ससाण्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाल्याचे दाखवले आणि तो दोष पुढे डीडीटीकडे गेला. त्या प्रकरणात निदान एक सरळपणा होता. डीडीटी मारण्यासाठीच केलेले होते. डास मारायला निघालेल्या माणसाच्या हातून ससाणा मेला, तर नेम चुकला असे म्हणता येते. बंदूक हातात होती हे नाकबूल करता येत नाही. गिधाडांच्या बाबतीत बंदूकच नव्हती. सुईत जे होते ते औषध होते, आणि ती टोचणाऱ्याच्या मनात मुक्या जनावराचे दुःख कमी करावे याखेरीज काही नव्हते. स्वार्थ म्हणाल तर बैल उद्या औताला हवा, एवढा. हेतूच्या तराजूवर हे कृत्य पुण्याच्या पारड्यात पडते.

आता हिशेबाकडे पाहू, कारण माझ्या मते या प्रकरणाचे सारे मर्म हिशेबात आहे. 2004 सालीच शास्त्रज्ञांनी गणित मांडून दाखवले की, गिधाडे इतक्या वेगाने संपायला शंभरातले एक ढोरसुद्धा विषारी असायला नको. त्याहून कमी पुरेत. एका ढोरावर सबंध थवा जेवतो, आणि थव्याला महिन्यात अनेकदा जेवावे लागते. म्हणजे औषध देणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातून काहीच वाईट घडले नाही. त्यांचा बैल बरा झाला आणि वर्षानुवर्षे जगला. ज्या थोड्यांचे ढोर अवेळी मेले त्यांनी तरी इतरांहून वेगळे काय केले? काहीच नाही, उलट त्यांचे नुकसानच झाले. मग कोट्यवधी पक्ष्यांच्या हत्येचा आरोपी म्हणून कोणाला उभे करायचे? एकेकाला विचारा, प्रत्येक जण निर्दोष आहे. निर्दोष कृत्यांची ही बेरीज मात्र निर्दोष नाही. आपली नीती एक कर्ता आणि एक कर्म जाणते. बेरीज कोणाच्या नावावर मांडायची याला तिच्या वहीत रकानाच नाही.

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषीची कथा आहे. चोरांचा माल त्याच्या आश्रमात सापडला म्हणून राजाने या निरपराध मौनी ऋषीला सुळावर चढवले. पुढे त्याने साक्षात धर्माला जाब विचारला: हे कोणत्या कर्माचे फळ? धर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांना काड्या टोचल्या होत्यास. मांडव्य संतापला. एवढ्याशा अपराधाला एवढा दंड दिल्याबद्दल त्याने धर्मालाच माणसाचा जन्म घेण्याचा शाप दिला (तोच विदुर) आणि नवी मर्यादा घातली: चौदा वर्षांच्या आत केलेल्या कृत्याचे पाप लागणार नाही.

या कथेत लोक सहसा मांडव्याची बाजू घेतात, आणि मीही घेतो. तथापि तिच्यातली एक गोष्ट नजरेआड होते. मांडव्याने अजाणतेपणाला सरसकट माफी दिलेली नाही. त्याने तिला मुदत घातली आहे. मुदत संपल्यावर ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर चालत नाही; ठाऊक करून घेणे हेच कर्तव्य होते. शिवाय किड्याच्या बाजूने पाहिले तर काडी चौदाव्या वर्षी टोचली की पंधराव्या, याने काही फरक पडत नाही. किड्याची फिर्याद कथेत कोणीच मांडीत नाही.

गिधाडांच्या कहाणीतही अशी मुदत दाखवता येते. 2004 पर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. तोवरच्या शेतकऱ्याला आणि डॉक्टरला मी दोष देणार नाही. औषध बनवणाऱ्यांना मात्र इतक्या सहज सोडता येत नाही. ज्या देशात मेलेले ढोर पक्ष्यांपुढे टाकतात, तिथे ढोराला द्यायचे औषध पक्ष्याला काय करील हे विचारायला अलौकिक बुद्धी लागत नव्हती. तो प्रश्न विचारण्याचे काम कोणाचेच नव्हते, इतकेच. 2006 साली सरकारने गुरांसाठी हे औषध बनवण्यावर बंदी घातली. त्याच सुमारास मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे दुसरे औषधही सिद्ध झाले. तिथून पुढे अजाणतेपणा संपायला हवा होता. पण माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक मोठ्या बाटल्यांत मिळत राहिले, आणि माणसाला एका वेळी न लागणारी ती मात्रा बैलाला बरोबर पुरत होती. 2015 साली बाटलीचे माप तीन मिलिलिटरवर आणावे लागले. ॲसेक्लोफेनॅक नावाचे भावंड गाईच्या अंगात गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनते. त्यावर आणि किटोप्रोफेनवर बंदी यायला 2023 साल उजाडले.

गिधाडे गेल्यावर टाकलेल्या ढोरांवर कुत्री वाढली, रोगराई वाढली. 2000 ते 2005 या काळात त्यापायी सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली असावीत, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2024 साली प्रसिद्ध केला. मुंबईच्या पारशी समाजाला मलबार हिलवरच्या दोखम्यांत सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. हे सारे महत्त्वाचे आहे, आणि सरकारला पटवायला असलेच आकडे उपयोगी पडतात. मला मात्र या युक्तिवादाची थोडी शरम वाटते. गिधाड आपले मेहतर होते म्हणून त्याचे मरण वाईट, असे म्हणणे म्हणजे नोकर मेल्यावर आता भांडी कोण घासणार म्हणून रडण्यासारखे आहे. त्याच्या अंगणात आपण काही टाकले आणि तो मेला, एवढे कारण दुःखाला अपुरे का पडावे?

हरियाणात पिंजोर येथे पिंजऱ्यात गिधाडांची पैदास करण्याचे काम वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. ते धीराचे काम आहे. मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिलू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. तिथली काही गिधाडे 2024 साली विदर्भात, ताडोबा आणि पेंच येथे, मोकळी करण्यात आली. गिधाड दिवसात कित्येक कोस जाते आणि कोणाचे ढोर कोणत्या सुईनंतर मेले हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून ती सोडायची तर आधी भोवतालच्या मुलखाची पारख करावी लागते. या कामासाठी माणसे ओळख न सांगता तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात जातात. गाय तापाने पडून आहे, काहीतरी द्या, असे म्हणतात. आणि दुकानदाराचा हात कोणत्या बाटलीकडे जातो ते पाहून बाहेर येऊन वहीत टिपून ठेवतात.