पहिला खर्डा

कादंबरी लिहायला मोकळा वेळ हवा, ही समजूत परभणीच्या एका लेखकानेच खोटी ठरवली आहे. १९१३ साली सातोन्यात जन्मलेले बी. रघुनाथ निजामी राज्यात बांधकाम खात्यात कारकून होते. आयुष्य अवघे चाळीस वर्षांचे. तरी कविता आणि कथांसोबत ‘ओ’, ‘बाबू दडके’, ‘आडगावचे चौधरी’ अशा कादंबऱ्या त्यांनी मागे ठेवल्या. नोकरी माणसाला शिणवते हे खरेच, आणि त्या ओढाताणीचे कौतुक करू नये. पण कादंबरीला लागतो तो निवांतपणा नव्हे, सातत्य. रोजच्या एका पानाची वर्षअखेर तीनशे पासष्ट पाने होतात.

कोणी म्हणेल, भालचंद्र नेमाडे यांनी १९६३ साली ‘कोसला’ ही कादंबरी काही दिवसांतच लिहिली. खरे आहे, पण कागदावरचे ते दिवस आधी जगलेल्या पंचवीस वर्षांवर उभे होते. मग गोष्ट मनात पुरती पिकण्याआधी कच्चे लिहावेच कशाला? कारण मनातली कादंबरी दुरुस्त करता येत नाही, कागदावरची येते. पहिला खर्डा म्हणजे पेरणी, खुरपणी नंतरची. पेरलेच नाही तर खुरपणार काय? म्हणून मनात गोष्ट असेल, तर आज एक पान लिहा. चांगले नसले तरी लिहा.