थकवा आणि दोष

हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरीकडील एका घरी, आजाऱ्यास ख्रिस्तप्रसाद देण्यास आम्ही गेलो होतो. पक्षाघाताने गृहस्थांचा उजवा हात लुळा पडलेला. कोपराखाली विजेच्या यंत्राच्या पट्ट्या लावलेल्या. प्रथम बोटे छान उघडली, पण थोड्याच वेळात मंदावली. “हे मनच लावीत नाहीत, फादर,” असे म्हणत पत्नी करंट वाढवू लागल्या. गृहस्थांनी मान खाली घातली.

आपण स्वेच्छेने हात हलवितो तेव्हा मेंदू स्नायूंच्या तंतूंना पाळीपाळीने राबवितो. काही राबतात, काही विसावतात. वीज ही पाळी जाणत नाही. पट्टीखालच्या त्याच त्या तंतूंना ती एकदम, सेकंदाला ३०-४० वेळा हाक मारते. ते लवकर थकणारच! म्हणून तर या उपचारात दर आकुंचनामागे विसावा ठेवतात. रुग्णाने विजेबरोबर स्वतःही प्रयत्न करावा, हे खरे. परंतु थकवा हे त्या प्रयत्नाचे माप नव्हे. संमतीवाचून पाप नाही, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातले मूलही सांगेल. मग या थकव्याला संमती कोणाची?

बाईंनाही आम्ही दोष देत नाही. कित्येक रात्रींचे जागरण त्या घाईत होते.

हे सारे आम्ही दोघांना समजावून सांगितले. बाईंनी यंत्र बंद केले आणि तो हात आपल्या मांडीवर घेतला.