मागूर आणि आमची दया

मांसाहार करावा की करू नये, हा वाद आपल्याकडे इतका जुना आहे, आणि दोन्ही पक्षांची वचने इतकी पाठ होऊन गेली आहेत, की त्यात भर घालण्याची आमची इच्छा नाही. आमचा प्रश्न त्याहून लहान आहे. परंतु नित्याच्या व्यवहारातला असल्यामुळे तो अधिक अडचणीचा आहे. ज्याने मासा खावयाचे ठरविले, त्याचे त्या माशाशी काही कर्तव्य उरते काय? की पैसे मोजून दिले म्हणजे सारे देणे फिटले?

गेल्या आषाढात आम्ही भंडारा जिल्ह्यातील एका स्नेह्यांकडे चार दिवस राहिलो होतो. तलावांचा हा मुलूख. कोहळी लोकांनी बांधलेले जुने तलाव, त्यांच्या खाली धानाच्या बांध्या, आणि तलावांवर पिढ्यान् पिढ्या जाळे टाकणारे ढिवर, असा तिथला संसार आहे. पहिला मोठा पाऊस झाला, की पाण्याची तोंडे फुटतात आणि मासे प्रवाहाच्या उलट बांध्यांकडे चढू लागतात. त्यांतच मागूर असतो. अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या, आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक विषारी काटा. त्याचा मोठा विशेष असा, की कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखे एक इंद्रिय त्याला असते व त्याच्या योगाने तो उघड्या हवेत श्वास घेऊ शकतो. म्हणून पाण्याबाहेर काढल्यावर इतर मासे ज्या वेळात गतप्राण होतात, त्याच्या कितीतरी पट वेळ हा जिवंत राहतो. तो बाजारात जिवंत विकला जातो याचे कारण हेच. आणि आमच्या प्रश्नाचे मूळही हेच.

त्या दिवशी संध्याकाळी एक ढिवर बाई दोन मागूर देऊन गेली. घरातील मंडळी मासे खाणारी, आम्हीही खाणारेच. परंतु मारावयाचे कोणी? यजमानांना ते जमत नव्हते. वहिनींनी साफ नकार दिला. शेवटी एकाने तोड सुचविली, की मीठ टाकून भांड्यात झाकून ठेवावे, म्हणजे ते आपोआप मरतील व अंगाचा बुळबुळीतपणाही जाईल. तसे केले. झाकण हलू लागले, तेव्हा त्यावर पाटा ठेवला. आम्ही ओसरीवर तर्कशास्त्राच्या उत्तरपत्रिका घेऊन बसलो. अर्धा तास झाला तरी स्वयंपाकघरातून तो आवाज येतच होता, आणि आम्ही गुण देतच होतो.

इतक्यात ती बाई विसरलेली टोपली न्यावयास आली. आवाज ऐकताच ती आत गेली, पाटा उचलला, माशाच्या डोक्यावर दांड्याचा एक नेमका घाव घातला आणि लगेच सुरीचे टोक डोक्यात खुपसले. दुसऱ्याचेही तेच. दोन्ही मिळून एक मिनिट लागले नसेल. मग तिने काटे मोडले, राखेने अंग चोळून स्वच्छ केले, पोट चिरून आतडी काढली आणि तुकडे वहिनींच्या हाती दिले. जाताना आमच्याकडे पाहून ती एवढेच म्हणाली, “खायाचं हाय त पाहाचं बी हाय, गुरुजी.” रात्री हळद, चिंच, लसूण व जवसाचे तेल घालून केलेले कालवण उत्तम झाले होते. आम्ही ते खाल्ले. परंतु ते वाक्य घशात अडकून राहिले.

आपल्या प्राचीनांनी या गोष्टीचा विचार केला नव्हता असे नाही. मनुस्मृती हव्यकव्यासाठी पाठीन मासा ग्राह्य ठरविते. आणि पाठीन म्हणजे शिवडा, अर्थात मागुराचाच मिशाळ भाऊबंद, असे सामान्यतः मानितात. परंतु त्याच अध्यायात पुढे अनुमती देणारा, मारणारा, तुकडे करणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा, हे सारे एका ओळीत घातक म्हणून बसविले आहेत. या दोन वचनांचा मेळ कसा घालावयाचा, हे टीकाकारांनी पाहावे. आम्हांस एवढेच दिसते, की त्या ओळीत ढिवर बाई एकटी उभी नाही. तिच्या शेजारी यजमान आहेत, वहिनी आहेत आणि उत्तरपत्रिकांसह आम्हीही आहोत. महाभारतातील धर्मव्याधसुद्धा कौशिकास सांगतो, की मी स्वतः प्राणी मारीत नाही, दुसऱ्यांनी मारलेले विकतो. परंतु तेवढ्यावर तो स्वतःस निर्दोष म्हणवून घेत नाही. नांगराच्या फाळाखालीही जीव मरतात, याची आठवण तो त्या विद्वान ब्राह्मणास करून देतो.

येथे कोणी विचारील, की माशाला वेदना होतात हे कशावरून? प्रश्न रास्त आहे. लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली ट्राउट माशांच्या डोक्यावर इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचे दाखविले. ओठांत दाहक द्रव्य टोचले असता ते मासे अन्न घेईनात, अंग डोलवू लागले व ओठ खड्यांवर घासू लागले. उलट पक्षी, मनुष्याच्या मेंदूत ज्या बाह्य आवरणाचा वेदनेच्या जाणिवेशी संबंध लावतात ते माशाला नाही, म्हणून या हालचाली केवळ प्रतिक्षिप्त होत, असे म्हणणारे शास्त्रज्ञही आहेत. हा वाद मिटलेला नाही. परंतु संशयाचा फायदा कोणास द्यावा, हे ठरविण्यास शास्त्रज्ञ असावे लागत नाही. घाव घालून मारण्यास एक क्षण लागतो आणि मिठात मारण्यास तास लागतो. आमचा तर्क चुकला, तर पहिल्या रीतीत कोणाचेच काही गेले नाही. दुसऱ्या रीतीत फार मोठा अपराध घडला.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. पाहण्याने मन निबर होते, मग कोवळ्या मनाच्या माणसाने न पाहणेच बरे नव्हे काय? आम्हीही पुष्कळ दिवस असेच मानीत होतो. परंतु त्या संध्याकाळी काय घडले? जिचे मन निबर म्हणावे, तिने माशाला एका क्षणात सोडविले. ज्यांची मने कोवळी, त्यांनी त्याला मिठात ठेवून वर पाटा ठेवला. आमच्या दयेने माशाचे दुःख कमी केले नाही, उलट वाढविले. कमी झाले ते आमचे स्वतःचे. अशा भावनेस दया म्हणण्यापेक्षा सोवळेपणा म्हणणे अधिक खरे. आणि आपल्या समाजाने हे सोवळे सांभाळण्यासाठी जी कामे दुसऱ्यांच्या हाती दिली, त्या कामांबद्दल त्याच हातांना हीन लेखिले, हा त्यावरचा दुसरा अन्याय.

पाहण्याचे कर्तव्य मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी संपत नाही. आषाढात बांध्यांकडे चढणारा मागूर अंडी घालण्यासाठी निघालेला असतो. उथळ पाण्यात मादी अंडी घालते आणि नर त्यांची राखण करितो. त्या वेळी धरलेला मासा एकटा मरत नाही. देशी मागूर आज संकटग्रस्त जातींत गणला जातो, आणि त्याच्या नावावर बाजारात पुष्कळदा खपतो तो आफ्रिकेतून आलेला, इतर माशांवर ताव मारणारा त्याचा भाऊबंद, ज्याच्या पैदाशीवर आपल्या देशात 2000 सालापासून बंदी आहे. आम्ही त्या दिवशी कोणता मासा, कोणत्या ऋतूत, कोणाच्या पोटातला खाल्ला, हे विचारले नव्हते. ढिवराचे पोट जाळ्यावर आहे. त्याने आषाढात जाळे गुंडाळून ठेवावे असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु आमचे पोट मागुरावाचून अडलेले नाही. देशी मागुराची पैदास आता तळ्यांतही करिता येते. दोन महिने थांबणे आम्हांस सहज शक्य आहे.

यावरून आम्ही शाकाहारी झालो, असे वाचकांनी समजू नये. तसे म्हणणे खोटे ठरेल. एवढेच झाले, की घरी जिवंत मासा आला तर तो झाकून ठेवावयाचा नाही, असा नियम आम्ही केला आहे. दिवाळीनंतर एकदा तो प्रसंग आलाही. आमचा हात कापला, घाव नेमका बसला नाही, दुसरा घालावा लागला. त्या दुसऱ्या घावाचे उत्तर आमच्यापाशी नाही. परंतु तो कोणी घातला, हे या वेळी आम्हांस ठाऊक आहे.