आपला हात आणि शेजाऱ्याची भिंत

‘आपला हात जगन्नाथ’ ही म्हण आपण आता स्वावलंबनाच्या कौतुकासाठी वापरतो. पण तिला पंगतीचा वास आहे. जो स्वतःच वाढून घेतो त्याच्या पानात काही कमी पडत नाही, असा तिचा खट्याळ अर्थ. शेजारी बसलेल्याच्या पानात मग काय उरले, याविषयी म्हण काही बोलत नाही. तिचे हे मौन गेले वर्षभर माझ्या मनात घोळत आहे, कारण या वर्षात मी घरामागच्या पडवीत स्वतःच्या हाताने एक लहानसे वर्कशॉप उभे केले, आणि ते उभे करताना एक प्रश्न माझ्यापुढे येऊन बसला तो अजून उठलेला नाही. माणसाने आपल्या घरात, आपल्या पैशाने, आपल्या हातांनी एखादे धोक्याचे काम केले, तर तो धोका त्याच्या एकट्याचा असतो काय? आणि नसेल, तर स्वावलंबनाला सद्गुण तरी कुठपर्यंत म्हणावे?

मी दिवाळे गावात राहतो. नाव ऐकून बाहेरचा माणूस आधी हसतो, मग ‘निघालेले की निघायचे?’ असे विचारतो, आणि आपण हा विनोद प्रथमच केला असे त्याला वाटते. गाव कोळ्यांचे, बेलापूरच्या पायथ्याशी, पनवेलच्या खाडीच्या काठावर. पुढे मासळी बाजार आणि धक्का, मागे सिडकोचे शहर. मी एका खाजगी शाळेत कार्यानुभवाचे तास घेतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, कादंबऱ्या लिहितो त्याला शिक्षण लागत नाही, असे माझे सहकारी म्हणतात, आणि ते काही अगदी खोटे नाही. गॅरेज म्हणजे आमच्याकडे मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान. घराला लागून गाडीची खोली असावी एवढी जागा या गावठाणात कोणालाच नाही. माझ्याकडे होती ती वडिलांची जाळी ठेवण्याची पडवी. जाळी गेली, वल्ही गेली, पडवी उरली.

तिची एक बाजू मी विटांनी भरून काढली, लोखंडी अँगल उभे करून वर नवा पत्रा घातला, जुन्या होडीच्या सागवानी फळ्यांचे मेज केले. त्या फळ्या रंधायला चार रविवार गेले, कारण खाऱ्या पाण्याने मुरलेले लाकूड रंध्याचे पाते चाटून टाकते. ही कामे करताना मनाला जे सुख लाभले ते मला कादंबरीने क्वचितच दिले आहे. शब्द वाकडा पडला तर तो वाकडा आहे हे ठरवायला समीक्षक लागतो. फळी वाकडी असेल तर मेजावर ठेवलेला खिळाच गडगडत जाऊन सांगतो. शिवाय आपल्या श्रमांनी उभी राहिलेली वस्तू आपल्याला कळते. ती कुठे दुखते, कुठे तोलली आहे, हे हाताला ठाऊक असते. विकत घेतलेल्या घरात माणूस आयुष्यभर भाडेकऱ्यासारखा वावरतो असे मला कधीकधी वाटते, कारण भिंतीच्या आत काय चालले आहे याचा त्याला पत्ताच नसतो.

स्वतःच्या बळावर शिकणाऱ्यांची आपल्याकडची परंपरा काही लहान नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईला गेले आणि रंगांधळेपणामुळे ती त्यांना सोडावी लागली. मग ते यंत्ररेखनाकडे वळले. 1888 मध्ये बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले आणि पुस्तके वाचून, यंत्रे खोलून-जोडून ते कारखानदार झाले. 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांना कोणी परवाना विचारत बसले असते तर मराठी शेतकऱ्याच्या हाती लोखंडी नांगर आणखी किती वर्षांनी आला असता कोण जाणे. पण त्याच नांगराची दुसरी बाजूही आहे. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी भीती पुष्कळ शेतकऱ्यांना वाटे. आज आपण त्या भीतीला हसतो. मला ती हसण्यासारखी वाटत नाही. नांगर किर्लोस्करांचा होता, जमीन शेतकऱ्याची होती. चूक निघाली असती तर पीक कोणाचे गेले असते?

विजेच्या कामापाशी मी आलो तेव्हा हाच प्रश्न अंगावर आला. मला वायरिंग येत नाही असे नाही. दिव्यासाठी दीड चौरस मिलिमीटरची तार, मोठ्या प्लगसाठी अडीचची, हे मी मुलांना शिकवतो. हौसेने सारे सामान आणूनही ठेवले होते. पण विटा, लाकूड आणि वीज यांत एक मोठा भेद आहे. वीट जिथे ठेवली तिथे राहते. वीज मात्र आपण दाखवलेल्या वाटेने जाते तशीच न दाखवलेल्या वाटेनेही जाते, आणि तिला घराची हद्द कळत नाही.

माझ्या पडवीचा पत्रा शेजारच्या मावशीच्या भिंतीला टेकतो. एवढेच नाही, तर त्या अँगलला त्यांची एक तार बांधलेली असते आणि तिच्यावर मोसमात बोंबील वाळत असतात. अँगल नवा असला तरी ही वहिवाट जुनी आहे. आधी तिथे लाकडी खांब होता. आता समजा, खारट दमट हवेत वर्षे काढून एखाद्या तारेचे आवरण कडक झाले, तडकले, आणि आतले तांबे अँगलला लागले. माझ्या पायात रबरी चप्पल असेल. मावशी ओल्या अंगणात अनवाणी उभ्या राहून ओल्या हातांनी बोंबील उलटत असतील. ओल्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो. 230 व्होल्टला तो भागला तर जवळजवळ पाव अँपियर निघतो. हृदयाची लय बिघडवायला त्याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो. दिव्यांच्या सर्किटवरचा सहा अँपियरचा एमसीबी एवढ्या प्रवाहाने जागचा हलणारही नाही, कारण तो तार वाचवण्यासाठी बसवलेला असतो. माणूस वाचवणे हे त्याचे कामच नव्हे. त्यासाठी वेगळे उपकरण लागते. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करते आणि तीस मिलिअँपियरपर्यंतची तूट दिसताच वीज तोडते. गेले किती आणि परत आले किती, हा हिशेब स्वावलंबी माणसाने इतरांच्या बाबतीतही ठेवावा, असे ते उपकरण पाहताना माझ्या मनात येऊन गेले.

सामान पाहून मावशींनी एका संध्याकाळी मला विचारले, “मास्तर, यो पत्रा मना झटका मारील त जाब कोनाला इचारू, तुला का लायटीला?”

मी त्यांना विजेचे शास्त्र सांगू लागलो. त्यांनी ते ऐकून घेतले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्यांना शास्त्र नको होते. पाण्यात जाणाऱ्या माणसांच्या घरात धोका कोणाला नवा नसतो. होडीवर तांडेल असतो. वारा कसा, परत कधी फिरायचे, हे तो ठरवतो, आणि काही विपरीत घडले तर गाव कोणाच्या दारात जाऊन उभे राहील हे त्याला आणि गावाला दोघांनाही ठाऊक असते. मावशी विचारत होत्या ते एवढेच, की या पत्र्याचा तांडेल कोण?

‘मी’ असे उत्तर मला देता आले असते. किंबहुना ते ओठांवर आलेही होते. पण त्या ‘मी’मध्ये काय असते? अपघातानंतरचा पश्चात्ताप, फार तर दवाखान्याचे बिल. स्वावलंबनाचे जगप्रसिद्ध आचार्य थोरो यांची या संदर्भात आठवण होते. 1845 मध्ये अमेरिकेतल्या कॉन्कर्डजवळ, वॉल्डन तळ्याच्या काठी, त्यांनी आपली झोपडी स्वतः बांधली आणि तिचा खर्च साडेबारा सेंटांसह अठ्ठावीस डॉलर असा मांडून दाखवला. हिशेब प्रामाणिक आहे. कुऱ्हाड उसनी होती, फळ्या एका आयरिश मजुराची खोपटी विकत घेऊन तिच्यातून काढल्या होत्या, सांगाडा उभा करायला स्नेही आले होते, हे त्यांनी लपवलेले नाही. जमीन एमर्सन यांची होती. पण आदल्याच वर्षीची, 1844 च्या एप्रिलमधली गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मासे शिजवण्यासाठी त्यांनी रानात विस्तव पेटवला, तो वाळल्या गवताला लागला आणि सुमारे तीनशे एकर जंगल जळाले. जंगल इतरांच्या मालकीचे होते. दैनंदिनीत त्यांनी ही हकीकत सविस्तर लिहिली ती सहा वर्षांनी; ‘वॉल्डन’मध्ये एक ओझरता उल्लेख आहे, आणि त्यात रान जळाल्याचे आपले दुःख मालकांच्या दुःखापेक्षा अधिक टिकाऊ होते असे ते सुचवतात. थोरोंविषयी मला आदर आहे. तरीही ते वाक्य वाचताना मी दर वेळी अडखळतो. ज्याचे रान जळाले त्याला आपल्या दुःखाची खोली मोजून दाखवणे, याला जाब देणे म्हणत नाहीत.

कायद्याचे म्हणणे या बाबतीत रूक्ष आहे, पण मावशींच्या म्हणण्याच्या जवळचे आहे. 1956 च्या भारतीय वीज नियमांतल्या 45 व्या नियमाने ग्राहकाला दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्याची मोकळीक दिली. मांडणीत भर घालायची किंवा फेरफार करायचा, तर तो परवानाधारक ठेकेदाराकडून आणि सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचा. ते नियम गेले, 2010 मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाचे विनियम आले, 2023 मध्ये त्यांच्याही जागी नवे आले, पण हे तत्त्व कायम आहे. पूर्वी मी त्याकडे सरकारी अडवणूक म्हणून पाहत असे. आता मला त्यात एक जुनी गोष्ट नव्या कागदावर दिसते. ज्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात तिथे तांडेलाला परवाना लागत नाही. त्याचा चेहराच परवाना. पण आज आमच्या आळीत वरच्या मजल्यांवर परजिल्ह्यांतले, परप्रांतांतले भाडेकरू राहतात. त्यांच्या मुलांनी माझ्या पत्र्याला हात लावला तर तो कोणाच्या भरवशावर? अनोळखी माणसालाही ज्याच्याकडे जाब मागता येईल असा कोणीतरी नावानिशी असावा, एवढ्यासाठी तो कागद आहे.

यावर आमच्या गावातले लोक जे म्हणतात ते डावलता येण्याजोगे नाही. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, शहरासाठी गावोगावच्या जमिनी गेल्या. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच माणसे गोळीबारात पडली, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. दरम्यान घरातल्या माणसांची संख्या थांबली नव्हती. गावठाणात माणसांनी वर मजला चढवला, मागे खोली काढली; त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ असे सरकारी नाव मिळाले. ज्यांना परवानगी मागायला दारच नव्हते त्यांना परवान्याचे तत्त्वज्ञान कोणत्या तोंडाने सांगावे? मी सांगत नाही. ती घरे आमच्याच माणसांची आहेत आणि त्यांची गरज खरी आहे. पण गरज हे सरकारला द्यायचे उत्तर आहे. शेजाऱ्याला ते देता येत नाही, कारण त्याची गरजही तेवढीच आहे आणि त्याची भिंत त्याच भिंतीला टेकलेली आहे. जिथे गल्लीतून आगीचा बंब वळत नाही तिथे एका घरातली सैल जोडणी आळीच्या मालकीची होते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: न पाहता सही करणारे परवानाधारक काय कमी आहेत? नाहीत कमी. म्हणूनच स्वतः काही न शिकता परवान्यावर विसंबणारा माणूसही मला निर्दोष वाटत नाही. मी मुलांना तारांचे रंग आणि जाडी शिकवतो ते त्यांनी घरी वायरिंग करावे म्हणून नव्हे, तर घरी आलेल्या माणसाला त्यांना प्रश्न विचारता यावा म्हणून. दर वर्षी एखादे पालक येऊन विचारतात, की असल्या हमाली कामाचा परीक्षेत उपयोग काय. मी गप्प बसतो.

शेवटी मी परवाना असलेला वायरमन बोलावला. भिंतीतल्या चरी मी खणल्या, भूसंपर्काचा खड्डा मी खणला. अडीच मीटरची जस्ताचा मुलामा दिलेली नळी त्यात उतरली. भोवती कोळसा आणि मीठ घालायची रीत आहे; आमच्या जमिनीत मिठाची भर कशाला, असे मी म्हटले, तेव्हा तो म्हणाला की ओल तर इथे भरपूर आहे, पण हेच मीठ नळीलाही खाईल, म्हणून दर वर्षी मोजून घ्या. हे मला ठाऊक नव्हते, आणि कुठल्या पुस्तकातून ते मी शिकलो असतो असेही वाटत नाही. तारा त्याने ओढल्या, जोडण्या त्याने केल्या. मी हाताखाली पकड देत उभा होतो. पडवी सर्वस्वी आपल्या हातची व्हावी ही माझी इच्छा होती. ती झाली नाही, याची थोडी रुखरुख आहे आणि ती मी लपवत नाही. त्याने मेजरपट्टीच्या आणि रंध्याच्या जागेपासून दूर, दाराशी, ते तूट मोजणारे उपकरण बसवले आणि त्यावरचे तपासणीचे बटण दाखवले. ते दाबले की आतल्या आत खोटी गळती निर्माण होते आणि वीज जावी लागते.

मावशींना मी ते बटण दाखवले. त्यांनी ते स्वतःच्या बोटाने दाबले. खटका पडला, दिवा गेला. त्यांनी मला पुन्हा चालू करायला लावले, पुन्हा दाबले. मग वायरमनचे नाव आणि फोन नंबर त्यांनी नातवाकडून आपल्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, खडूने लिहून घेतला. त्याच्या खाली माझे नाव लिहिले. बोंबलांची तार मात्र त्यांनी अँगलवरून सोडून आपल्या पेरूच्या झाडाला बांधली आहे, आणि यंदाचा मोसम पाहून मग ठरवू असे त्या म्हणतात.