बापाला जामीन

आमच्या बँकेत कर्ज मागायला येणाऱ्या माणसाला आम्ही आधी विचारतो, "जामीनदार कोण?" रिक्षा घ्यायची असो वा पिठाची गिरणी, मागे कोणीतरी उभे लागते. मूल मात्र विनाजामीन मिळते!

हे सुचायला कारण आमच्या शाखेतला कॅशवरचा पोरगा. गेल्या महिन्यात तो बाप झाला. पेढे वाटून झाल्यावर माझ्या टेबलाशी घुटमळत म्हणाला, "सर, सासूबाई आठवड्याने परत जाणार. मग घरी आम्ही दोघंच. बापानं नेमकं करायचं काय असतं?"

बाप होऊन मला सोळा वर्षे झाली, म्हणजे सेवाज्येष्ठता पक्की. मी घसा साफ केला आणि काही आठवेचना. आमच्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. मी दर रविवारी सासुरवाडीला जाऊन पोहे खायचो आणि लेकीला लांबून बघायचो. हात पुढे केला की सासूबाई म्हणत, "राहू द्या, मान धरता यायला हवी." बारशाला नाव आत्याने ठेवले, पाळणा बायकांनी म्हटला, मी भाड्याच्या खुर्च्या मोजून परत केल्या. पुढे 'मला काय कळतं त्यातलं' हे वाक्य इतके सोयीचे पडले, की ते मी थेट शाळेच्या पालकसभेपर्यंत पुरवले. आज मुलगी पैसे माझ्याकडे मागते आणि बाकी सगळे आईला सांगते.

आता प्रश्न असा, की ज्याचे स्वतःचे खाते थकीत, त्याने दुसऱ्याला सल्ला द्यावा का? सज्जन म्हणतील, आधी स्वतःचे निस्तर. मला वाटते, हप्ता नेमका कुठे चुकतो हे थकबाकीदाराइतके कोणाला ठाऊक? अट एकच. त्याने खोटा ताळेबंद दाखवू नये.

म्हणून खरे ते सांगितले. "अरे, मी काहीच केलं नाही. तू स्वतःच्या घरात पाहुणा होऊ नकोस. सासूबाई आहेत तोवर मान धरायला शीक, दुपटी बदल, ढेकर काढ. चुकशील. पण बाळ तक्रार-वही मागत नाही."

२०१५ च्या वेतन करारापासून आम्हां बँकवाल्यांत बापालाही १५ दिवसांची रजा आहे. माझ्या वेळी नव्हती, ही माझी जुनी सबब. हा पठ्ठ्या असलेली रजा मागायला लाजत होता! अर्ज लिहून घेतला, मॅनेजरसाहेबांच्या केबिनपर्यंत सोबत गेलो आणि त्याची कॅश अंगावर घेतली. दुसऱ्याच दिवशी पन्नास रुपये कमी भरले. खिशातून घातले. जामीन राहिलं की एवढं चालायचंच.

एका रात्री पावणेतीनला त्याचा फोन. "सर, रडणं थांबत नाही!" मला काय कळतं त्यातलं, हे ओठांवर आले होते. गिळले आणि बायकोला उठवले. ती सांगत गेली, मी फोनवर पोचवत गेलो. खांद्यावर उभं धर, पाठीवरून हात फिरव, ताप आहे का बघ, असलाच तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठ.

फोन ठेवला तर दारात मुलगी. परीक्षेसाठी जागत होती. "बाबा, माझ्या वेळी तुम्ही असंच करायचात?"

"नाही गं," मी म्हणालो.

ती जराशी थांबली. मग म्हणाली, "चहा टाकतेय. घेणार?"

थकीत खात्यात एवढी रक्कम जमा झाली तरी आम्ही पावती फाडतो. व्याजाचे पुढे बघू.